काका, तुमचा शर्ट धुऊन ठेवला आहे

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही. गेली सहा वर्षं आपण शेजारी, आणि मी तुम्हाला इथल्या, अमेरिकेतल्या रीतीप्रमाणे नुसत्या नावाने हाक मारतो, पण मराठीत लिहायला बसलो की हात ‘काका’ आणि ‘तुम्ही’वरच जातो. रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं इंग्रजीत सांगेनच. तरी इथे सगळ्यांदेखत लिहितोय, कारण शिकारीच्या त्या सकाळी साधं ‘थँक यू’ही माझ्या तोंडून नीट फुटलं नाही. दात वाजत होते.

गेल्या वर्षीचं आधी सांगतो, तो सल अजून गेलेला नाही. एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला मी पहिल्यांदा निघालो होतो. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळजवळ संपलाच, त्यामुळे मला काहीच ठाऊक नव्हतं. इथला सक्तीचा कोर्स केला, परवाना काढला आणि एका मोठ्या दुकानात कपडे घ्यायला गेलो. विक्रेत्याने विचारलं, ‘थंडी किती असेल?’ मग मी कुठला ते विचारलं आणि सगळ्यात जाड, सगळ्यात महाग शर्ट माझ्या हातात ठेवला. अंगालगत घालायचा, 250 ग्रॅम वजनाच्या कापडाचा. (हे वजन एका चौरस मीटर कापडाचं असतं, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.) तो घालून अंधारात दोन तास चढलो, घामाने निथळलो, कड्यावर पोचून बसलो आणि वीस मिनिटांत हातापायांतलं बळ गेलं. सोबतचे चौघे अनुभवी होते. ‘हलत राहा, सवय होईल’ म्हणाले आणि पुढे गेले. मी एकटा बॅटरीच्या उजेडात खाली उतरलो. अंगात काय घातलंयस, एवढा एक प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही.

यंदा तुम्ही मात्र थंडीबद्दल विचारलंच नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘चालणार किती आणि बसणार किती?’

त्या एका प्रश्नाने माझं सगळं गणित फिरलं. अंगालगतचा शर्ट थंडीसाठी निवडायचा नसतो, चढासाठी निवडायचा असतो. ऊब पाठीवरच्या पिशवीत न्यायची आणि थांबल्यावर चढवायची. तुम्ही कपाटातून तुमचे तीन शर्ट काढून टेबलावर टाकलेत आणि मला डोळे मिटून हात फिरवायला लावलात. पातळ मेरिनो, म्हणजे त्या जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचा, 150 ग्रॅमचा, त्यात थोडं नायलॉन, कारण निव्वळ पातळ लोकर पिशवीच्या पट्ट्यांखाली लवकर विरते. गळ्याला छातीपर्यंत चेन, म्हणजे चढावर उघडायची आणि वर पोचल्यावर लावायची. पाठ लांब, नाहीतर कमरेच्या पट्ट्याखालून शर्ट वर सरकतो आणि कंबर उघडी पडते. खांद्यावर शिवण नको. पॉलिएस्टरला तुम्ही वाईट म्हणाला नाहीत. ते झटकन वाळतं, स्वस्त असतं आणि एका दिवसाच्या फेरीला उत्तम, पण तिसऱ्या दिवशी त्याचा वास तुम्हालाच सोसवत नाही, मग एल्कच्या नाकाचं काय. लोकर वाळायला वेळ लावते, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी अंगाला गार लागत नाही.

हे ऐकलं आणि मला आमचे आजोबा आठवले. आमचं गाव सांगोल्याकडचं. आजोबांच्या खांद्यावर बारा महिने घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात मेंढरांमागे हिंडताना ती डोक्यावरून घ्यायची, आणि ती भिजली तरी तिच्याखाली ऊब असायची. मला लहानपणी ती टोचायची म्हणून मी तिच्यापासून लांब पळायचो. मेरिनोचा धागा त्या लोकरीहून कितीतरी बारीक, म्हणून टोचत नाही, स्वभाव तोच. आमच्या घरात जे शहाणपण खुंटीला टांगलेलं होतं ते मला डेन्व्हरजवळच्या एका शेजाऱ्याने पुन्हा हातात दिलं.

आता त्या सकाळबद्दल. ऑक्टोबर संपत आला होता. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, साडेदहा हजार फुटांच्या आसपास. गाडीतून उतरल्यावर तुम्ही मला जाकीट काढायला लावलंत. निघताना थोडं कुडकुडलंच पाहिजे, हा तुमचा नियम. शर्ट तुम्ही सांगितला तसाच घेतला होता. तरी वर पोचेपर्यंत मी भिजलो आणि बसल्यावर थरथरायला लागलो. खालच्या कुरणात एल्कचा कळप होता, चौदा-पंधरा माद्या आणि एक मोठा नर. पहाटे डोंगरावरची हवा खाली वाहते, म्हणून आपला वास त्यांच्याकडे जाऊ नये यासाठी आपण कडेला दबून बसलो होतो. ऊन चढलं की हवा खालून वर येऊ लागते, मग उतरायचं. त्यासाठीच आपण तास-दीड तास थांबलो होतो.

हवा फिरली. तुमच्या गालाला ती लागलेली मी पाहिली. आणि तुम्ही दुर्बीण खाली ठेवून माझ्याकडे वळलात. माझ्या शर्टाची चेन खाली ओढलीत, आत बोट घातलंत आणि थांबलात.

आत बनियन होतं. सुती, बाह्या नसलेलं, शाळेपासून रोज घालत आलोय तसंच. शर्टाखाली बनियन घातलं नाही तर मला अंग उघडं वाटतं. त्या बनियनने सगळा घाम धरून ठेवला होता, आणि वरची लोकर बिचारी काय करणार. ‘कॉटन जीव घेतं’ ही म्हण तुमच्या लोकांच्या तोंडी असते. तुम्ही ती उच्चारली नाहीत. हसला नाहीत, मान हलवली नाहीत, ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाहीत.

तुम्ही पिशवीतून तुमचा जादा शर्ट काढलात. मी हात पुढे केला तर दिला नाहीत. तो गार होता. तुम्ही आपल्या कोटाची चेन उघडून तो आत पोटाशी धरलात आणि तसेच बसून राहिलात, दोन-तीन मिनिटं. खाली नर झाडीकडे सरकत होता, आणि तुमच्याकडे वर्षाचा एकच परवाना होता. मला तो दिसत होता, म्हणजे तुम्हालाही दिसत असणार. तुम्ही एकदाही तिकडे पाहिलं नाहीत. मग मला म्हणालात, ‘आता काढ.’ वाऱ्याच्या बाजूला स्वतः उभे राहिलात, तुमचं केशरी जाकीट दोन्ही हातांनी पसरून धरलंत, आणि मी तुमच्या अंगाच्या उबेतला तो शर्ट घातला.

ती ऊब मला अजून पाठीवर जाणवते. घरी बायकोला सांगताना माझा आवाज गेला.

नंतर तुम्ही माझं ओलं बनियन पिळून, घडी घालून पिशवीच्या बाहेर अडकवलंत, जणू ते जपण्यासारखंच काही असावं. परत येताना गाडीत तुम्ही नराबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, थर्मसमधली कॉफी दिलीत आणि माझ्या आजोबांच्या मेंढ्यांबद्दल विचारत राहिलात. किती होत्या, रात्री कुठे बसवायचे, लांडगे येत का.

मागच्या वर्षीच्या त्या चौघांना शिकार तुमच्याइतकीच येते, कदाचित जास्तही. पण थांबावं कुठे, हे त्यांना कोणी शिकवलं नसावं. तुम्हाला तरी कोणी शिकवलं असेल, असं वाटत नाही. आमच्या आजीकडे हे होतं. दारात आलेला माणूस भिजलेला असेल तर ती आधी त्याला कोरडं धोतर द्यायची, मग नाव-गाव विचारायची.

तुमचा शर्ट मी हाताने धुतला. तो कपडे मऊ करणारा द्रव घातला नाही, तुम्ही बजावलं होतंत. सावलीत, आडवा वाळवला. डिसेंबरमध्ये आई येतेय, तिच्या सामानात आजोबांची घोंगडी आणायला सांगितली आहे. तुम्ही डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवून बघायला हवा.

रविवारी शर्ट घेऊन येतो. माझं बनियन तुमच्या गॅरेजातल्या खिळ्यावरच राहिलं आहे, ते राहू द्या.

तुमचा,
पलीकडच्या घरातला