तिथे मोबाईल बंद ठेवावा लागतो

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. दोनदा फोन लावलाही, पण दोन्ही वेळा बाबांच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे. मी होकार कळवला. मंगळवारी सही केली. दोन वर्षांच्या नोकरीसाठी, दक्षिण गोलार्धातल्या त्या रेडिओ दुर्बिणीवर.

आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतं मला. पण बाबा, तुम्ही लगेच 'जा' म्हणाला असता. आणि आई, तू काही न बोलता आत जाऊन कपाट आवरत बसली असतीस. ते पाहिलं असतं तर माझ्याच्याने सही झाली नसती.

आई, यान सोडणारे सोडतात, मग तुझं तिथे काय काम, असं तू विचारशीलच. अगं, यान चंद्रापाशी पोचलं की त्याचं बोलणं ऐकायला इथे कुणीतरी लागतं. सरासरी 3,84,400 किलोमीटर अंतर कापून येईपर्यंत तो सिग्नल इतका क्षीण होतो की अवाढव्य डिश आणि अतिथंड ठेवलेला रिसीव्हर नसेल तर हाती काही लागत नाही. त्यात चंद्र स्वतःही थोडा रेडिओ गोंगाट करतो, उन्हाने तापलेला असतो ना. आणि पृथ्वी फिरते, म्हणून एका जागची डिश पुरत नाही. चांद्रयान-3 साठी बंगळुरूजवळच्या ब्यालालूला आपली 32 मीटरची डिश होती, पण तिथून चंद्र मावळला की परक्या देशांतल्या डिश ऐकायच्या. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा ऑस्ट्रेलियातली न्यू नॉर्सियाची 35 मीटरची डिशही कान लावून होती. टीव्हीवर टाळ्या वाजवणारी माणसं दिसली. त्या डिशजवळ रात्री जागणारी माणसं दिसली नाहीत. मला त्यांच्यात जायचं आहे. इतकी वर्षं शिकले ते याच्यासाठीच, असं मला मनापासून वाटतं.

खरं तर ही सवय आपल्या जिन्यातलीच. बाबा गच्चीवर अँटेना फिरवताहेत, आई टीव्हीसमोर, आणि मी मधल्या पायरीवर. आई म्हणणार "आलं", मी वर ओरडणार "आलं!", तोवर चित्र गेलेलं. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीकडे कधीच तोंड करत नाही. 3 जानेवारी 2019 ला चीनचं चांग-अ 4 तिथे उतरलं, तेव्हा त्याचा निरोप पोचवायला चेचिआओ नावाचा उपग्रह आधीच चंद्राच्या पलीकडे नेऊन ठेवलेला होता. त्याला दोन्हीकडचं दिसत होतं. ते वाचलं आणि मला ती पायरी आठवली. तुम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हता, मला मात्र दोघंही ऐकू येत होतात.

वादळवाऱ्याची काळजी करू नका. बाबा, 1969 ची, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर पाऊल ठेवायच्या सुमारास ताशी 110 किलोमीटरचे झोत त्या 64 मीटरच्या डिशवर आदळत होते, आणि तरी त्या लोकांनी काम थांबवलं नाही. पहिलं पाऊल तिथल्याच हनीसकल क्रीकच्या लहान डिशने दाखवलं, पण थोड्याच मिनिटांनी पार्क्सचं चित्र घेतलं आणि शेवटपर्यंत तेच चाललं. आता एवढा वारा सुटला तर डिश सरळ आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवतात, आणि आम्ही पक्क्या इमारतीत असतो. खोली स्वतंत्र आहे, गरम पाणी चोवीस तास, जेवण वेळेवर. रात्रपाळीत मी एकटी कधीच नसेन, मी ते नीट विचारून घेतलंय. गादी जरा कडक आहे म्हणे. माझ्या पाठीला तीच बरी.

आता मुख्य गोष्ट. डिशच्या आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो. खिशातल्या फोनच्या गोंगाटात चंद्रावरून आलेलं सगळं बुडून जातं. तुम्ही फोन कराल आणि तो लागणार नाही, असं बरेचदा होईल. त्याचा अर्थ मी कामावर आहे, एवढाच. बाबा, 29 ऑगस्ट 2009 ला चांद्रयान-1 गप्प झालं तेव्हा तुम्ही जेवताना कुणाशी बोलला नव्हता. जुलै 2016 मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या 70 मीटरच्या अँटेनाने चंद्राच्या ध्रुवाकडे सूक्ष्मलहरी सोडल्या, तिथल्याच ग्रीन बँकच्या 100 मीटरच्या दुर्बिणीने त्यांचा प्रतिध्वनी टिपला, आणि आपलं दीड मीटरचं यान चंद्राभोवती फिरताना सापडलं. एक अक्षर बोलत नव्हतं, तरी होतं. मला शोधायला इतकं काही करावं लागणार नाही. कंट्रोल रूमचा लँडलाइन नंबर सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. आई, तो फोनजवळ चिकटव, पर्समध्ये ठेवू नकोस. कधीही करा, रात्री दोनलाही. कुणी वैतागणार नाही.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी नाही म्हणून पुढे ढकलायचं नाही. त्या आठवड्याची रजा मी सही करायच्या आधीच मागून घेतली आहे. थेंब मीच घालणार.

तिथून म्हणे चंद्र उलटा दिसतो. तू मला कडेवर घेऊन दाखवायचीस तो ससा खाली डोकं वर पाय असेल. तू इकडून बघ, मी तिकडून बघेन. वेळ एकच धरू, नऊची, तुमच्या घड्याळाने. पण खिडकीतून बघायचा. बाबा, रक्तदाबाची गोळी रात्री जेवल्यावर, आईने आठवण करायची वाट न बघता. आणि गच्चीची किल्ली आजच आईकडे द्या. मागच्या वर्षीचं मी विसरलेले नाही.

तुमची,
छकुली