आधी मुठीचं वजन करा, मग मीडिया आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी मासे आणि भाजी एकत्र वाढवण्यावर, म्हणजे ॲक्वापोनिक्सवर, लेख आला होता. फोटो देखणे होते. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत लगेच टबांची चौकशीही सुरू झाली, म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे. लेखात गच्चीवरच्या टबात फूटभर गिट्टी भरायला सांगितलं आहे. ज्यांना गिट्टी नको, त्यांनी पाचशे लिटर पाण्याला बायोबॉलचं, म्हणजे फिल्टरमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्यांचं, एक पाकीट टाकावं, असंही आहे. यातलं पाकीट मी स्वतः टाकून पाहिलं आहे आणि पाच मासे गमावले आहेत. गिट्टीपासून शेजारच्या इंजिनिअर भाच्याने वाचवलं.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमच्या टाकीतले गोल्डफिश आणि कोई हे शोभेचे मासे पेन्शनर आहेत. खातात, फिरतात आणि त्यांच्या घाणीवर आमचा पालक, पुदिना वाढतो. मधलं काम जिवाणूंचं. माशांच्या शरीरातून निघणाऱ्या अमोनियाचं एका जातीचे जिवाणू नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट भाजी पिते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. त्यांना बसायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे मीडिया.

आता प्रश्न असा, की जागा किती? दुकानदाराने मला टाकीचे लिटर विचारले आणि पाकीट हातात ठेवलं. मीही, इतकी वर्षं मुलांना एककं शिकवलेली बाई, मुकाट्याने घेऊन आले. अमोनिया काही पाण्याच्या लिटरांतून येत नाही, तो खाद्यातल्या प्रथिनांतून येतो. पाच मासे गेल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. माझी एक मूठ खाद्य ३० ग्रॅम भरलं. आमच्या ह्यांची मूठ ४५. सकाळ-संध्याकाळ मीच घालते असं धरलं तर दिवसाचे ६० ग्रॅम, आणि डब्यावर प्रथिनं ३२ टक्के.

पुढचा हिशेब जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या रीतीने केला. साठ ग्रॅमात १९ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ३ ग्रॅम. त्यातला साधारण साठ टक्के अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, आणि त्यात हायड्रोजनचं वजन धरलं की रोजचा सव्वादोन ग्रॅम अमोनिया होतो. जिवाणूंचा एक चौरस मीटर थर दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त, ०.५७ ग्रॅम, निपटतो. तेव्हा मला चार चौरस मीटर जागा हवी. माझं पाकीट दुधाच्या तीन लिटरच्या किटलीत मावलं होतं. त्यावर घनमीटरला ६०० चौरस मीटर छापलं होतं. ते खरं धरलं तरी जागा पावणेदोन चौरस मीटरच झाली, गरजेच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय चार हा आकडा सगळं सुरळीत चाललं तरचा. थंडी, गाळ, एखाद्या दिवशी पाहुण्यांच्या पोरांनी जास्तीचं टाकलेलं खाद्य, हे सगळं धरून दुप्पट-तिप्पट जागा ठेवावी लागते.

गिट्टीला घनमीटरमागे दीडशे-दोनशे चौरस मीटर मिळतात. माझ्या हिशेबाने तिप्पट धरूनही ऐंशी लिटर गिट्टी पुरली असती. जिवाणूंना एवढीच लागते. लेखात जो फूटभर थर आहे तो मुळांसाठी, पण त्याचं ओझं शेवटी स्लॅबच्याच डोक्यावर येतं. चार फूट बाय अडीच फुटांचा टब फूटभर भरला की २८० लिटर गिट्टी होते. वजन सव्वाचारशे किलो. मधल्या पोकळीत शंभर लिटर पाणी. टब तर पुरता एक चौरस मीटरही नाही, आणि वापरातली गच्ची भारतीय मानक ८७५ प्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधतात. भाच्याने हे सांगितलं तेव्हा गिट्टीवाल्याचा टेम्पो दारात उभा होता आणि तो विचारत होता, "मैडम, बीस एमएम डालूँ कि बारा?" टेम्पो परत पाठवला. आता टाकी खाली परसात जमिनीवर आहे, वर गच्चीच्या कडेने भाजीचे पाइप तेवढे गेले आहेत.

ज्यांची जागा जमिनीवर आहे त्यांनी गिट्टी खुशाल घ्यावी, पण एक मूठ घरी आणून तिच्यावर व्हिनेगर टाकून बघावं. आपल्या माळव्याचा काळा दगड तसा निरुपद्रवी. पण त्यात पांढऱ्या चुन्याच्या शिरा किंवा गाठी असतात, त्या फसफसतात. असे दगड पाण्यात गेले की सामू (पीएच) चढलेला राहतो आणि लोह असूनही पालक पिवळा पडतो. माझ्या नमुन्यातला प्रत्येक चौथा-पाचवा खडा फसफसला होता.

माझ्या फिल्टरमध्ये आज काय आहे हे सांगितलं तर वाचक हसतील. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. एक झाकण साधारण तीन सेंटिमीटर रुंद, दीड उंच. आतून-बाहेरून मिळून ४२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २४० झाकणांचा एक चौरस मीटर. मला ९६० हवी होती, तिप्पट म्हणजे जवळजवळ तीन हजार. गल्लीतल्या पोरांनी दोन लग्नसरायांत जमवून दिली, शेकड्याला एक कचोरी या दराने. १२० लिटरच्या ड्रमात ती निम्म्यापर्यंत येतात. त्याहून जास्त भरू नयेत, नाहीतर फिरत नाहीत. खालून हवेचा पंप लावला आहे. सुरुवातीला सगळी झाकणं वर तरंगत होती. महिन्याभरात त्यांच्यावर तपकिरी बुळबुळीत थर आला आणि ती कढईत पोहे परतावेत तशी वरखाली व्हायला लागली. हवेत कंजूषी नको. या जिवाणूंना एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावात खताची 'इंदूर पद्धत' बसवली, तिच्यातही ढीग उलथून हवा खेळवण्यावर भर होता.

त्या बुळबुळीत थराची गोष्ट सांगायलाच हवी. मी चार दिवस ग्वाल्हेरला बहिणीकडे गेले होते. इकडे ह्यांना झाकणं घाण दिसली. स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या शहराचे नागरिक! सगळी झाकणं चाळणीत घालून नर्मदेच्या नळाखाली चोळचोळून धुतली, वर उन्हात वाळवली. मी आले तेव्हा ड्रम चकाचक होता आणि मासे पंपापाशी तोंडं वर काढून उभे. अमोनियाच्या किटमध्ये पिवळा रंग यायला हवा तिथे गडद हिरवा आला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि उन्हाने तीन महिन्यांची वस्ती एका दुपारी उठवली होती. खाद्य पाच दिवस बंद ठेवलं, रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं (पिंपात दोन दिवस उघडं ठेवलेलं), पाइपांच्या आतला गाळ खरवडून ड्रमात टाकला. मासे वाचले. मीडिया धुवायचाच तर टाकीतल्याच पाण्यात हलका हलवावा, तोही एका वेळी थोडाच. मुळात घाण तिथे पोचूच नये म्हणून माझ्याकडे आधी एक बादली आहे, तिच्या तोंडाशी जुन्या सुती साडीचा तुकडा. तो मात्र रोज धुते.

थंडीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा जिवाणू अर्धेमुर्धेच काम करतात. मी डिसेंबर-जानेवारीत खाद्य एका मुठीवर आणते, मासेही तेव्हा मागत नाहीत. शिवाय नवीन फिल्टरची वस्ती बसायला महिना-सव्वा महिना जातो. तोवर चार-पाच मासे आणि चिमूटभर खाद्य, रोज किटने तपासून.

आपणांस विनंती, की येत्या पुरवणीत निदान गिट्टीच्या वजनाची दुरुस्ती छापावी. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरी टब गच्चीवर चढलेला मी काल पाहिला. गिट्टी अजून खाली फाटकाशी पडली आहे. मी जाऊन सांगितलं, तर त्यांनी पेपरचं कात्रण पुढे केलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्य नगर, इंदूर