पुराचाही करार करा: जलसंपदा मंत्र्यांना शिरोळहून खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातली, कृष्णाकाठची शेतकरी. तीन एकर ऊस, दोन म्हशी आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर घर. आमच्या सोप्याच्या भिंतीवर तांबड्या रंगाच्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि वरची २०१९ ची. वरच्या रेघेला मी उभी राहून हात लावू शकत नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, नदीपलीकडं कर्नाटकात जुगूळला दिली आहे. खिद्रापूरला कोपेश्वराचं दर्शन घेऊन घाटावर आलं की समोर तिचं गाव दिसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आठ दिवस आम्हा दोघींचं एकाच विषयावर बोलणं चालू होतं. ती विचारायची, "राजापूर बंधाऱ्याला किती झालं गं?" मी विचारायची, "हिप्परगीची दारं किती उघडल्यात?" राजापूर बंधारा आमच्या तालुक्यातला; हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी धरण कृष्णेवरच, पण खाली कर्नाटकात. कोयनेतून किती सोडलं ते तिला माझ्याकडनं कळायचं, अलमट्टीचं मला तिच्या पोराकडनं. लाइट नव्हती, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा. एका रात्री अडीच वाजता तिचा फोन आला, "गोठ्यात पाणी शिरलं, तुमी निघा." म्हशी ट्रॉलीत चढेनात. मालकांनी एकीचं वासरू आधी वर टाकलं, तेव्हा कुठं ती चढली. जयसिंगपूरला पोचेपर्यंत उजाडलं होतं.

साहेब, दोन राज्यांनी एकमेकांना जे सांगायला हवं होतं, ते त्या आठवड्यात आम्ही दोघी बहिणी एकमेकींना सांगत होतो. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकानं कृष्णेच्या पुरासाठी लेखी, सहीशिक्क्याचा आणि सगळ्यांना वाचता येईल असा करार करावा, एवढंच माझं मागणं आहे.

कृष्णेच्या पाण्यावर कागद कमी झालेले नाहीत. १९७३ साली बच्छावत लवादानं निवाडा दिला, १९७६ ला तो राजपत्रात आला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्याच लवादानं 'योजना ब' म्हणून आणखी एक आराखडा मांडला होता. त्यात सगळ्या खोऱ्याचा कारभार एकत्र बघणारं कृष्णा खोरे प्राधिकरण होतं. राज्यांचं एकमत झालं नाही आणि ते कागदावरच राहिलं. २०१० ला ब्रिजेशकुमार लवादाचा निर्णय आला, त्यात अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा मिळाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. या सगळ्यात भांडण कुणाच्या वाट्याला किती पाणी, याचं. जुलै-ऑगस्टमध्ये नको इतकं पाणी येतं तेव्हा कुणी, कधी, किती सोडायचं आणि कुणाला किती तास आधी कळवायचं, यावर दोन्ही राज्यांच्या सहीचा कागद मी तरी अजून पाहिलेला नाही.

बैठका झाल्या, हे मला माहीत आहे. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, समन्वय ठेवायचं ठरलं. भेट चांगलीच होती. पुढच्याच महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या पुढं गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आता मंत्री बदलले, सरकारं बदलली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. माणसांच्या ओळखीवर चालणारा समन्वय माणसांबरोबरच जातो.

अलमट्टीत अडवलेल्या पाण्याच्या फुगवट्यामुळं आमच्याकडं पूर येतो की नाही, या वादात मी पडत नाही. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. इथले आंदोलक ते मानत नाहीत. ऐन पावसाळ्यात धरणाची पातळी ५१७.५ मीटरच्या आसपास ठेवा, असं ते वर्षानुवर्षे सांगत आहेत. मी डोळ्यांनी बघते ते एवढंच: नृसिंहवाडीला कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं कोल्हापूरपर्यंत पसरतं, आणि दिवसेंदिवस उतरत नाही. उसाच्या पोंग्यात गढूळ पाणी गेलं की शेंडा कुजतो, खाली पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, फुटतात. पाणी दोन दिवस राहिलं आणि आठ दिवस राहिलं, यातला फरक म्हणजे आमचं वर्षाचं उत्पन्न. पाणी किती चढेल ते पाऊस ठरवतो, पण किती दिवस थांबेल हे दारं कधी उघडतात यावरही अवलंबून असतं, असं आम्हाला वाटतं. ते खरं की खोटं हे ठरवायला दोन्ही राज्यांनी एकच आकडा मानायला हवा. आज तुमचा आकडा वेगळा आणि त्यांचा वेगळा.

म्हणून करारात पहिली गोष्ट ही यावी: राजापूर, हिप्परगी आणि अलमट्टी या तिन्ही ठिकाणी दोन्हीकडच्या अभियंत्यांनी मिळून मोजलेली पातळी आणि विसर्ग, तासातासाला, मराठीत आणि कन्नडमध्ये. दुसरी, १ जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अलमट्टीत कुठल्या तारखेला किती पातळी, याचं ठरलेलं वेळापत्रक. तिसरी गोष्ट आपल्याला जड जाईल, पण ती लिहायलाच हवी. कोयना, वारणा, राधानगरीतून सोडायच्या आधी महाराष्ट्रानंही कर्नाटकाला ठरलेल्या तासांची सूचना द्यायची. कोयनेचे दरवाजे उचलले की आक्काचा गोठा बुडतो. कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली जातो. पलीकडची माणसंही मराठी बोलतात, त्यांच्या लेकी इकडं आणि आमच्या तिकडं.

कर्नाटक कशाला सही करेल, असं तुमचे अधिकारी म्हणतील. त्यांनाही आपली गरज आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून वारणा-कोयनेतून कृष्णेत २ टीएमसी आणि उजनीतून भीमेत ३ टीएमसी पाणी मागितलं होतं. त्याच्या बदल्यात आपल्या जत तालुक्याला सीमेपलीकडून पाणी मिळावं, ही मागणीही जुनीच. उन्हाळ्याची देवाणघेवाण आणि पावसाळ्याचं वेळापत्रक एकाच करारात बांधा. विजयपूर-बागलकोटचा शेतकरीही पाण्यासाठी तरसतो, हे मान्य करून बोलायला बसलं तर बोलणं पुढं जातं. २०२५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांनी अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करणारं पत्र पाठवलं, ते योग्यच केलं. पण नुसत्या विरोधाच्या पत्रानं आमच्या गोठ्यात पाणी यायचं थांबत नाही.

शेजाऱ्यांशी करार करणं आपल्याला नवीन नाही. तिलारी धरणासाठी गोव्याबरोबर १९९० ला केला. तापी पुनर्भरणासाठी मध्य प्रदेशाबरोबर मे २०२५ मध्ये भोपाळला केला. तेलंगणाबरोबर २०१६ ला गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचा केला. मेडीगड्डाच्या करारात बंधाऱ्याची १०० मीटरची पातळी लिहिली गेली, आणि पुढं गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या. तिथल्या बाया-माणसांना मसुदा आधी दाखवला असता तर त्यांनी सांगितलं असतं, की गोदावरी चढली की पाणी कुठल्या शिवारात शिरतं. आमच्या बाबतीत ती चूक करू नका. सही करायच्या आधी मसुदा शिरोळ, पलूस, मिरज, करवीर आणि पलीकडच्या चिकोडी, कागवाडच्या ग्रामसभांपुढं ठेवा. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून माणसं गेली. करारातला किती तासांचा शब्द पुरेसा आहे, हे त्या गावाला विचारा.

येत्या पावसाळ्याआधी ही सही व्हावी. झाली की कराराची मराठी प्रत राजापूरच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि कन्नड प्रत जुगूळच्या. आक्काला मी फोन करून वाचायला सांगेन.

आपली,
शिरोळ तालुक्यातील एक पूरग्रस्त शेतकरी