स्पीडटेस्ट पास, काम नापास (तक्रार, चौथ्यांदा)

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी साहेब / मॅडम,
वायरलेस ब्रॉडबँड विभाग

विषय: छतावरचा डबा, अ‍ॅडॉप्टर आणि राउटर एकमेकांशी जुळतात का हे न बघताच तीन वेळा तक्रार बंद केल्याबद्दल.

नमस्कार,

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो. आमच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, म्हणून फेब्रुवारीत तुमचं २०० एमबीपीएसचं वायरलेस कनेक्शन घेतलं, म्हणजे छतावर सिग्नल पकडणारा डबा आणि आत ऑफिसात राउटर. तुमचा सेल्सवाला म्हणला, साहेब खड्डा नको खांब नको, दोन तासात नेट चालू. ते मात्र खरं निघालं, दोन तासात चालू झालं. रडगाणं त्याच्या पुढचं आहे.

आतापर्यंत तीन तक्रारी केल्या, तिन्हीचे डॉकेट नंबर माझ्याकडं आहेत आणि तिन्ही तुमच्याकडं ‘सोडवली’ म्हणून बंद आहेत. सोडवली म्हणजे कशी ते सांगतो. इंजिनिअर पोरगा संध्याकाळी सात वाजता येतो, ऑफिसात राउटरपासून एक हातावर उभा राहतो, स्वतःच्या मोबाईलवर स्पीडटेस्ट लावतो, काटा वर गेला की स्क्रीनशॉट काढतो, चहा पितो आणि जातो. तो गेटच्या बाहेर पडायच्या आधी मला मेसेज येतो की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया ५ पैकी गुण द्या. पोरगं चांगलंय हो, त्याच्यावर माझा राग नाही, त्याला दिवसभरात किती घरं पालथी घालावी लागत असतील ते दिसतंच. पण त्याला तुम्ही तपासायचं म्हणजे काय एवढंच शिकवलंय का, हा माझा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट घ्या. एप्रिलमध्ये छतावरच्या डब्याला करंट देणारा अ‍ॅडॉप्टर जळाला. तुमच्या माणसानं दुसऱ्या दिवशी दुसराच कुठल्यातरी कंपनीचा आणून लावला, दिवा लागला, नेट आलं, मी पण खूश. तेव्हापासून स्पीड ९४ च्या वर जातच नाही. सकाळी ९४, रात्री ९४, वायर लावून ९४, वायफायवर जवळ जाऊन ९३. तुमच्या कस्टमर केअरची ताई म्हणली, ‘सर ९४ चांगलं आहे की, वायरलेसमध्ये कमीजास्त होतं.’ ताई, कमीजास्त झालं असतं तर मी गप्प बसलो असतो, हे तर फूटपट्टीनं मापल्यासारखं रोज तेवढंच येतंय! माझा भाचा पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो, त्याला फोनवर आकडा सांगितला तर तो बघायच्या आधीच म्हणला, मामा, कुठंतरी १०० वाली लिंक बसलीय, नेटवर डेटा पाकिटं करून जातो, त्या पाकिटांवरचा पत्ता-बित्ता वजा जाता १०० च्या पोर्टातून ९४ च्या आसपासच येतं. मग त्यानं अ‍ॅडॉप्टरच्या लेबलचा फोटो मागवला. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, आणि ह्या नव्या अ‍ॅडॉप्टरात चार तारा करंटला आणि चारच डेटाला. गिगाबिटला, म्हणजे १००० वाल्या लिंकला, आठही तारा लागतात. म्हणजे डबा चांगला, राउटर चांगला, अ‍ॅडॉप्टर पण त्याच्या जागी चांगला, तिघं एकत्र आले की २०० चे ९४. मी पैसे २०० चे भरतोय.

आता खरं दुखणं. माझा माल ज्या पार्टीमार्फत बाहेर जातो त्यांचं ऑफिस मुंबईला आहे. जॅकार्डच्या डिझाइनच्या फायली आणि ऑर्डरशीट ते त्यांच्या सर्व्हरवर टाकतात, आम्ही व्हीपीएननं, म्हणजे नेटवरनंच पण बंद खासगी वाटेनं, आत जाऊन उतरवून घ्यायच्या. तुमच्या नेटवर व्हीपीएन लागतो, फोल्डर उघडतं, फायलींची नावं सगळी दिसतात, कॉपी दाबलं की शून्य टक्क्यावर बसून राहतं. अर्धा तास शून्य. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीच फाइल लगेच येते. तुमच्या तिसऱ्या भेटीत हे दाखवलं तर इंजिनिअर म्हणला, ‘यूट्यूब चालतंय ना सर, मग नेट बरोबर आहे, तुमच्या व्हीपीएनचा प्रॉब्लेम.’ आणि पार्टीचा आयटीवाला म्हणतो तुमच्या नेटचा प्रॉब्लेम. मधल्या मधी माग बंद, कारागीर बसून, आणि मी दोघांना फोन लावतोय.

शेवटी भाचा एका रविवारी आला. त्यानं काय केलं, लॅपटॉप वायरीनं लावला आणि पिंग मारायला लागला, म्हणजे एक पाकीट पाठवायचं आणि उत्तर येतंय का बघायचं, पण पाकिटाचा आकार वाढवत वाढवत आणि तुकडे करायचे नाहीत असं सांगून. नियमानं १४७२ बाइटचं जायला पाहिजे, वरच्या पत्त्याचे २८ धरून १५०० होतात. आमच्याकडं १४१२ जातंय आणि १४१३ ला गप्प. नुसतं गप्प, ‘मोठं आहे, कमी करा’ असा उलटा निरोपसुद्धा येत नाही. राउटर आतल्या कॉम्प्युटरांना सांगतोय १५०० पर्यंत बिनधास्त पाठवा, आणि छतावरचा डबा १४४० च्या वरचं गुपचूप टाकून देतोय. दारातून गठ्ठा जात नसेल तर हमालानं ओरडून सांगायला पाहिजे ना, तो गठ्ठाच गटारीत टाकतोय आणि आत येऊन पुढचा द्या म्हणतोय. यूट्यूब का चालतं तर साध्या कनेक्शनला तुमचंच यंत्र सुरुवातीलाच माप कमी करून देतं, व्हीपीएनच्या बंद पाकिटाला ते हात लावू शकत नाही. म्हणून नावं दिसतात, ती लहान पाकिटं, फाइल येत नाही, ती मोठी. भाच्यानं माझ्या लॅपटॉपवर व्हीपीएनचं माप १३०० केलं आणि दोन दिवस अडकलेली डिझाइनची फाइल अर्ध्या मिनिटात उतरली. मी कपाळाला हात लावला.

तर हे काही नवीन शास्त्र आहे का? नाही. इंटरनेटवाल्यांची आरएफसी नावाची जाहीर कागदपत्रं असतात, त्यातलं १९९९ सालचं आरएफसी २५४४ आहे, त्यात नेटवर्कचं यंत्र तपासायचं तर ६४ बाइटपासून १५१८ बाइटपर्यंत सात मापांची पाकिटं सोडून बघा असं लिहिलंय, नुसतं एका मापानं नाही. ते लॅबसाठी झालं. चालू लाइनवरच्या टेस्टसाठी २०११ चं आरएफसी ६३४९ आहे आणि त्यात स्पीड मोजायच्या आधीची पहिली पायरीच ही की वाटेत किती मोठं पाकीट जातंय ते शोधा. पहिली पायरी! तुमच्याकडं ती पायरीच नाही, डायरेक्ट गच्चीवर.

थम मशीनचं पण लिहितो, तुम्हाला किरकोळ वाटेल. माझ्याकडं बावीस जण कामाला आहेत, हजेरी वायफायवाल्या थम मशीनवर. मे महिन्यात एका रात्री तुम्ही लांबूनच राउटरला अपडेट टाकलं, न विचारता. सकाळी मशीन वायफाय पकडेना. नंतर कळलं की अपडेटनं वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि ३, म्हणजे जुनी आणि नवी, मिक्स झाली आणि जुन्या मशीनला ती झेपेना. नवीन सिक्युरिटी चांगलीच असणार, माझी ना नाही, पण जुन्या मशिनी बंद पडतील का हे एकदा बघायला नको? त्या शनिवारी पगार वहीवरनं काढला, आणि आमच्या एका मावशीनं बरोबर पकडलं की तिचा एक दिवस कमी लागलाय. बावीस जणांसमोर. मशीनसाठी २.४ गिगाहर्ट्झचं वेगळं वायफाय नाव करून त्याला नुसती डब्ल्यूपीए२ ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं, ती सेटिंग तुम्ही ग्राहकाला लॉक केलीय.

आणि ऊन. साहेब तुमचं ऑफिस कुठं आहे माहीत नाही, पण सोलापूरचा मे महिना तुम्ही बघितलेला दिसत नाही. डबा पत्र्याच्या शेडवर, पत्र्याला खेटून बसवलाय. दुपारी एक ते चार तो आपोआप बंद-चालू होतो, मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर आठ दिवस वेळा लिहून ठेवल्यात, सगळ्या त्याच टायमाच्या, संध्याकाळी सहानंतर एकही नाही. डब्यावर ५५ डिग्रीपर्यंत चालेल असं छापलंय. रंगाईचा थर्मामीटर घेऊन वर चढलो आणि डब्याच्या मागं सावलीत धरला, ५८ दाखवला. तुमचा माणूस टेस्टला येतो सात वाजता. त्या वेळी तर मी पण गार असतो.

आमच्या धंद्यात सूत एका गिरणीचं, रंग दुसऱ्याचा, माग तिसऱ्याचा. तिघांकडं सर्टिफिकेट असतं. तरी लॉट जायच्या आधी आम्ही त्यातला एक टॉवेल काढून धुतो, वाळवतो, मापतो, कारण पार्टी माल परत पाठवते तेव्हा सूतवाल्याकडं पाठवत नाही, माझ्याकडं पाठवते. तुमच्या धंद्यात पण हे लोकांनी फार आधी ओळखलेलं आहे. वायरलेसचं ८०२.११ हे स्टँडर्ड १९९७ ला आलं, तरी एका कंपनीचं कार्ड दुसरीच्या यंत्राशी बोलेलच याची खात्री नव्हती, म्हणून तर १९९९ ला कंपन्यांनी एकत्र येऊन आज जिला वायफाय अलायन्स म्हणतात ती संस्था काढली. वायमॅक्सवाल्यांनी, म्हणजे लांब पल्ल्याच्या वायरलेस ब्रॉडबँडवाल्यांनी, २००१ मध्ये फोरम केला, त्यांच्यात प्लगफेस्ट व्हायचे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापली यंत्रं घेऊन एका जागी यायचं आणि एकमेकांना जोडून बघायचं, नाही जुळलं तर तिथंच दुरुस्त. आपल्या सरकारचं पण टीईसीचं, म्हणजे दूरसंचार खात्याच्या तपासणी केंद्राचं, सक्तीचं सर्टिफिकेट आहे. डब्यावर शिक्के सगळे आहेत, मी बघितले. पण शिक्का त्या एकट्या डब्याचा आहे. माझ्या पत्र्यावर, ह्या अ‍ॅडॉप्टरला, ह्या राउटरला जोडून तो कसा चालतो हे तपासायचं काम तुमचं होतं, ते माझ्या भाच्यानं रविवारी फुकट केलं. जेवणात त्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मिळाली एवढंच.

आता मला काय पाहिजे ते सांगतो. आठही तारा चालवणारा, डब्याला मान्य असलेला अ‍ॅडॉप्टर. राउटरवर पाकिटाचं माप बरोबर करून द्या, माझ्या एका लॅपटॉपवर नाही, सगळ्यांसाठी. थम मशीनला वेगळं २.४. डबा पत्र्यापासून उंच पाइपावर आणि वर सावलीला काहीतरी. हे झाल्यावर टेस्ट दुपारी दोनला घ्यायची, वायर लावून, ऑफिसातले चारही कॉम्प्युटर, कॅमेरे आणि मशीन चालू ठेवून, जाणारं येणारं दोन्ही, मोठ्या पाकिटाची सुद्धा, आणि आकडे कागदावर लिहून सही करून द्यायचे. एप्रिलपासून २०० ऐवजी १०० च्या प्लॅनचे पैसे लावा, फरक बिलात वळता करा.

ही तक्रार पण स्क्रीनशॉट काढून बंद केली तर ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या, नियमानं तुमच्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टेलिकॉम सेवा स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळं जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता पण मोकळा आहे. तिथं जायची हौस नाही, दिवस मोडतो. पिंगचे फोटो, अ‍ॅडॉप्टरचं लेबल आणि पुठ्ठ्याचा फोटो सोबत जोडलाय, पुठ्ठ्यावरचं मधलं गिचमिड सुताचा हिशोब आहे तो सोडून द्या.

माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि त्याच्याबरोबर लांब शिडी द्या, आमची आहे ती पत्र्याला दोन फूट कमी पडते, मागच्या वेळी पोरगा सुताच्या पेट्यांवर पेट्या रचून चढला होता आणि माझाच जीव खालीवर झाला.

आपला ग्राहक,
टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर