टोरंट रात्रीच का रांगतं?

महोदय,
धरमपेठ काय नि मानेवाडा काय, जीपॉन फायबरची (घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या काचतंतू जाळ्याची) सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची एकच वाहिनी स्प्लिटरमधून (प्रकाश वाटणाऱ्या डबीतून) बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. टोरंट, म्हणजे फाइलचे तुकडे अनेकांच्या संगणकांतून थेट उतरवायची पद्धत, एकाच वेळी शेकडो जोडण्या उघडतं, म्हणून गर्दीच्या वेळी इंटरनेट कंपनीची वेसण बहुधा आधी त्यालाच. अपलोड मोकाट सोडलं तर तुकडे मिळाल्याच्या, आपल्याकडून जाणाऱ्या पोचपावत्या रांगेत अडकतात नि डाउनलोडही बसतं. अपलोड क्षमतेच्या ८० टक्क्यांवर बांधा. रात्री नऊला स्पीड टेस्टचा वेगही पडला तर गर्दी समजा; टेस्टचा वेग पूर्ण, सीडर (पूर्ण फाइल वाटणारे) भरपूर, तरी टोरंटच मंद, तर कंपनीच्या लगामाचा संशय घ्यावा. २०१८ च्या नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेटवर सगळ्या मजकुराला समान वागणूक) धोरणात असा लगाम वाजवी नि पारदर्शक हवा असं म्हटलंय. मग प्लॅनच्या पत्रकावर तो ठळक का छापत नाहीत?

– एक वाचक, नागपूर