शिकवणी घेणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

ऐरोलीतील सर्व शिकवणी शिक्षकांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात यावे. मदतनीस ताईंनाही आणा. लहान मुलांशी गाठ त्यांचीच जास्त.

विषय एकच : मारणे बंद. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ‘आपण कुठे शाळा?’ ही पळवाट नको.

• छडी वर्गात ठेवू नये. पट्टी फक्त रेषा मारायला.
• उठाबशा, अंगठे धरायला लावणे हीही शिक्षाच.
• ‘दोन फटके द्या’ असे पालक म्हणाले तरी नकार द्या.
• गृहपाठ राहिला तर वर्गातच १० मिनिटे बसवून करून घ्या. माराच्या धाकाने मूल दुसऱ्याचे उतरवून आणते, अडलेले सांगत नाही.
• अंगावर वळ दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.