पंखा निघाला, बाबा

ट्रॉय, मिशिगन

ती. बाबांना सा. न.

फोनवर तुम्ही विचारत राहिलात, "पण गाडीच्या पंख्याचा नट निघाला कसा?" आणि मी सांगायला लागले तोवर आईने फोन घेऊन विषय अर्णवच्या सर्दीवर नेला. म्हणून सविस्तर लिहितेय. नट निघाला, पंप बदलला, गाडी रस्त्यावर आहे.

मूळ दुखणं वॉटर पंपाचं. गार इंजिनावर पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं, तर खुळखुळ. बेअरिंग गेलेलं. पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंटचा ओघळ वाळून पांढरट खूण झाली होती. पंप बदलायचा तर आधी पंखा काढायला हवा, आणि खरी कुस्ती तिथेच. इथली गॅरेजवाली मंडळी तासाला शंभर डॉलरच्या वर मजुरी लावतात, त्यामुळे घरीच करायचं ठरवलं.

गाडी 2003 ची, इंजिन लांबीत बसवलेलं. तिच्या पंख्याला स्वतःची मोटर नाही. पंपाच्याच शाफ्टवर व्हिस्कस कपलिंग (आतल्या घट्ट तेलाच्या पकडीने पंखा फिरवणारा जोड), त्याच्यावर पंखा, आणि हे सगळं 32 नंबरच्या एकाच मोठ्या नटावर. आटे उलटे! तुमच्या टूलरूममधल्या बेंच ग्राइंडरचा डाव्या चाकाचा नट आठवा, तोच हिशोब. हवा पंख्याला मागे ओढते. त्या ओढीने नट सुटू नये, उलट आवळतच राहावा, म्हणून डावे आटे. वीसेक वर्षं तो बिचारा आवळतच आला होता.

शिवाय जागा नाही. कपलिंग आणि पुली यांच्यामध्ये साधा पाना जातच नाही, जाडीला अडतो. त्यासाठी पातळ, लांब दांड्याचा पाना लागतो. इथे स्पेअर पार्टच्या दुकानात अशी हत्यारं उसनी मिळतात. अनामत भरायची, हत्यार परत केलं की पैसे परत. ही सोय आपल्याकडे सुरू झाली, तर निम्मं ठाणे रविवारी बॉनेटमध्ये डोकं घालून बसेल.

तुम्ही म्हणालात, पान्याला पाइप लावून जोर द्यायचा. इथे तो उपाय चालत नाही, बाबा. हळूहळू जोर लावला की पट्टा घसरतो आणि पुली नटाबरोबर फिरते. पाइप लावलात तर नुसती जास्त फिरते. पुलीचे बोल्ट धरून ठेवणारी पट्टी मिळते, पण आमच्या हातातली नीट बसेना. मग दुसरा मार्ग: झटका. आदल्या रात्री नटावर डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं. रेडिएटरच्या नाजूक जाळीसमोर जाड पुठ्ठा उभा केला, कारण पाना सटकला तर पहिला मार तिलाच. गाडीसमोर उभं राहून नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, म्हणजे वर धरलेला पाना इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला जाईल असा (तिकडे आपण क्लीनर साइड म्हटलं असतं). समीरने पाना नटावर दाबून धरला आणि मी दांड्याच्या टोकावर हातोडीचा आखूड, कडक घाव घातला. अचानक बसलेल्या घावाला पुली हलायच्या आत नट हलतो. टण्णकन आवाज आला, पाना कळेल न कळेल इतका सरकला. पुढे नट बोटांनी फिरला.

पंखा आणि त्याचं प्लॅस्टिकचं कडं एकत्रच वर उचलावं लागतं, एकेक निघत नाही. कपलिंग आडवं ठेवू नये, उभंच ठेवायचं. आत सिलिकॉनचं तेल असतं, ते गळू शकतं. पुढच्या बाजूला दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वळते, आतली झडप उघडते, तेल खोबणींत शिरतं आणि पंखा पकड घेतो. ना वायर, ना सेन्सर. तुम्हाला तासभर बघत बसावंसं वाटलं असतं. बसवताना नट फार आवळला नाही, उरलेलं काम पंखाच करतो.

आता दादाच्या गाडीबद्दल. त्याचा पंखा विजेचा आहे, त्याला या भानगडी नाहीत. कापूरबावडी ते मानपाडा ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि ईस्टर्न एक्सप्रेसवर वेगात खाली येतो, म्हणजे मला पंख्याचाच संशय आहे. वेगात वारा आपणहून मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी लावून पंखा फिरतो का बघायला सांगा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), मोटर सगळ्यात शेवटी. गॅरेजवाला मोटरपासून सुरुवात करेल, कारण त्याचा फायदा त्यातच. किल्ली बंद असली तरी काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा बॅटरीची वायर काढल्याशिवाय हात घालायचा नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि त्यात नळाचं पाणी ओतणं बंद करा म्हणावं, आत क्षार साचतात.

अर्णव बरा आहे, आईला सांगा. काढा दिला, थुंकला.

तुमची,
मनू

ता. क. तुमच्या लोखंडी पेटीत 32 चा जुना फिक्स पाना असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. ग्राइंडरवर घासून पातळ करून द्याल? जाडी किती ठेवायची ते मोजून कळवते.